ढग नसलेली पृथ्वी

२००५ साली आलेला 'गूगल अर्थ' अनेक वर्गांत पृथ्वीचे 'थेट दर्शन' म्हणून दाखविला जातो. चित्रे देखणी आहेत, पण थेट नव्हेत. पुरावा चित्रातच आहे. पृथ्वीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सदैव ढगांखाली असतो. येथे मात्र भर आषाढातही कोकण निरभ्र! निरनिराळ्या दिवशी, किंबहुना निरनिराळ्या वर्षी टिपलेले स्वच्छ तुकडे जोडून शिवलेली ही गोधडी आहे. निर्माते ते लपवीत नाहीत. 'थेट' हा शब्द आपलाच.

याउलट हवामान खात्याच्या संकेतस्थळावरील इन्सॅटची चित्रे दिसायला रूक्ष, पण अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलणारी. (तीही एका क्षणाची नव्हेत, पूर्ण चित्र टिपायलाच पंचवीसेक मिनिटे जातात.) हा उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून भारतावर सतत नजर ठेवतो, म्हणून १ किलोमीटरपेक्षा लहान तपशील त्याला दिसत नाही. तपशील हवा तर ५००-८०० किलोमीटरपर्यंत खाली यावे लागते. मग उपग्रह दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो, एका गावावर थांबू शकत नाही. 'आत्ता माझे घर दिसेल का?' या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे 'नाही' असेच आहे. वर्गासाठी मी इन्सॅटचे धूसर चित्रच निवडीन. त्यावर ते टिपल्याची वेळ तरी छापलेली असते.