मापाचं ब्लाऊज

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मध्यमवय, कपडे आणि आत्मविश्वास’. विषय ठरला तेव्हा मला सांगितलं गेलं, काहीतरी हलकंफुलकं होऊन जाऊ द्या. हलकंफुलकं होईलही, पण विषय तसा नाहीये. कपड्यांपायी बायका काय काय सोडून देतात ते बघा. पोहायचं सोडतात, कारण पोहण्याचा पोशाख. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जातात, नाहीतर पुढे कुणाचं तरी पोर उभं करतात. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी आनंद होत नाही, ‘घालू काय’ हा घोर लागतो. आता ज्या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात, चालणं-पळणं वाढवायला हवं, नेमक्या त्याच वयात बाई घरात बसते, कारण ट्रॅक पँटमध्ये आपण कशा दिसू याची धास्ती. तेव्हा हा नटण्यामुरडण्याचा विषय आहे असं समजून कुणी मागच्या दाराने निघणार असेल तर थांबा. (हशा)

मी समीक्षा करणारी बाई. त्यामुळे ‘हे घाला, ते घालू नका’ असं काही माझ्याकडून मिळणार नाही. मी एक शब्द तपासणार आहे, एक वस्तू आणि दोन सिनेमे.

शब्द आधी. ‘शोभतं का?’ आपल्याकडे हा प्रश्न बाईला साधारण चाळिशीत पहिल्यांदा विचारला जातो आणि मग मरेपर्यंत सुटत नाही. ‘या वयात शोभतं का?’ या क्रियापदाची गंमत बघा. ‘मला आवडतं’ म्हटलं की ठरवणारी मी असते. ‘मला शोभतं’ म्हटलं की ‘मला’ तेच, पण ठरवणारं दुसरंच कुणीतरी. आणि ते कोण, हे वाक्यात कुठेच येत नाही. सासूबाई? शेजारीण? मुलगी? (मुली फार कडक असतात हो याबाबतीत, सासवा परवडल्या.) कर्ता गायब आणि निकाल हातात. याच प्रश्नाचा पुरुषांसाठीचा अवतार मी शोधून पाहिला, सापडला नाही. पंचावन्नाव्या वर्षी शर्टाची शेवटची तीन बटणं ताणलेली असतात, बेल्ट पोटाखाली गेलेला असतो, आणि गृहस्थ स्टेजवर सत्कार स्वीकारत असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. विचारावं असंही माझं म्हणणं नाही. त्यांना जी निर्धास्ती आहे ती वाटून घ्यावी, एवढंच.

आता वस्तू. ती म्हणजे मापाचं ब्लाऊज.

इथे बसलेल्या बहुतेक बायकांना कळलं असेल, पुरुषांसाठी सांगते. शिंप्याकडे नवं ब्लाऊज टाकताना आपण अंगाचं माप देत नाही. एक जुनं, नीट बसणारं ब्लाऊज देतो आणि म्हणतो, याच्यावरून शिवा. ते मापाचं ब्लाऊज. ते कधीचं असतं? पाच वर्षांपूर्वीचं, कधीकधी भावाच्या लग्नातलं. म्हणजे शिंपी इमानेइतबारे जिच्यासाठी शिवतो, ती बाई आता अस्तित्वात नाही. ब्लाऊज घरी येतं, मुंढ्यात काचतं, हुक लागत नाही, आणि आपण काय म्हणतो? ‘मी सुटलेय.’ ब्लाऊज चुकलंय असं म्हणत नाही! कापड निर्दोष, शिंपी निर्दोष, गुन्हेगार कोण, तर दंड.

शरीर का बदलतं, हे एकदा सरळ सांगून टाकते, कारण त्याबद्दल कुजबुजच फार. आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास मानतात. त्याच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन कमी-जास्त होत उतरत जातं. आधी चरबी मांड्या-कमरेवर साठायची, ती पोटाकडे सरकते. वजनाचा काटा हललाच नाही तरी कंबर बदलू शकते. स्नायू कमी होतात, छातीचा आकार बदलतो, अचानक घाम फुटतो, आणि त्या घामात सिंथेटिक अस्तर लावलेलं ब्लाऊज काय छळतं ते ज्यांना ठाऊक त्यांना ठाऊक. यात आळस नाही, खादाडपणा नाही. दात पडून नवे यावेत तसला हा शरीराचा व्यवहार आहे. दात पडलेल्या मुलाला आपण ‘शोभतं का’ विचारत नाही.

आता जरा मागे जाऊ. आपला जुना पोशाख याबाबतीत फार शहाणा होता. नऊवारीला साइज नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, रोज सकाळी त्या दिवशीच्या पोटाभोवती नव्याने नेसायचं. बाळंतपण झालं, पोट सुटलं, आजारपणात वाळली, तरी लुगडं तेच. त्यावरची खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची. गाठ सैल करता येते. हुक सैल करता येत नाही. पुढे इंग्रजी अमदानीत शिवलेलं, हुकांचं पोलकं आलं, आणि पाचवारीबरोबर ते घरोघर स्थिरावलं. पाचवारीलाही साइज नाही, परकराला नाडी. सगळ्या पोशाखात ठाम माप असलेला एकच तुकडा उरला, ब्लाऊज. माझं म्हणणं असं की शरीराची लाज त्या हुकांवाटे आपल्या कपाटात शिरली.

जुन्या काळाची आरती ओवाळत नाहीये मी, हं. त्याच काळात विधवेला आलवण नेसवत होते, केस उतरवत होते. कपडा अंगाला जुळवून घेणारा होता, समाज नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

मग रेडिमेड आलं, एस, एम, एल, एक्सएल. हे आकडे कुणाच्या अंगावरून काढले? आपल्या नाही. आपल्या बाजारातले तक्ते बरेचसे अमेरिका-इंग्लंडच्या मापांवर बेतलेले. म्हणून तर ‘निफ्ट’ने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, भारतीयांची मापं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, त्रिमिती स्कॅनरने. मॉलच्या ट्रायल रूममध्ये रडवेली होणारी बाई स्वतःला दोष देत असते, आणि इकडे देशाला मान्य करावं लागलंय की बाबा रे, आपल्याकडे आपली मापंच नाहीत.

सल्ल्यांबद्दल दोनच वाक्यं. काळं घाला, आडव्या रेघा नकोत, मोठी फुलं नकोत, गळा बंद ठेवा. या सगळ्यांचा सूर एकच, लपा. आणि शास्त्र म्हणावं तर हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. बरं, ही झाली दोनाहून जास्त वाक्यं.

आता सिनेमे.

२०१२ चा ‘इंग्लिश विंग्लिश’. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या, त्यांच्या आईचा लोणच्यांचा व्यवसाय होता आणि कथेचं बीज तिथलं. श्रीदेवी बऱ्याच वर्षांनी पडद्यावर परतली ती पन्नाशीला टेकल्यावर. या सिनेमाचं मोठेपण मला एका न घडलेल्या गोष्टीत दिसतं. शशी न्यूयॉर्कला जाते आणि तिचा कायापालट होत नाही! असल्या गोष्टींत एक प्रसंग ठरलेला असतो. नायिका दुकानात जाते, संगीत वाजतं, पडद्यामागून ती ‘नवी’ होऊन बाहेर येते. इथे ती साडीतच राहते. थंडी आहे म्हणून वरून एक लांब कोट चढवते, एवढंच. साडीवर कोट. फॅशन म्हणून नाही, थंडी म्हणून. आणि दिसतो तो काय झकास!

पण इथेच माझी तक्रारही आहे. शशीचा न्यूनगंड सगळा भाषेचा, शरीराचा नाहीच. श्रीदेवीच्या अंगावर कुठलंही कापड टाका, ते पडणारच तसं. त्यामुळे साडी आणि कॅमेरा यांची परीक्षाच झाली नाही. शशीच्या वयाच्या बाईचा पदर पोटावर ओढून घेण्याचा जो हात असतो ना, दिवसातून पन्नासदा जाणारा, तो हात या सिनेमात नाही. आणि तू सुंदर आहेस हे तिला कळतं ते त्या फ्रेंच माणसाच्या नजरेतून. सिनेमा त्या नजरेशी सभ्यपणे वागतो, शशी त्याला नीट निरोपही देते. तरी प्रमाणपत्र बाहेरूनच आलं. कर्ता बदलला, क्रियापद तेच राहिलं.

दुसरा, २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’. केदार शिंदे यांचा. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. सिनेमा म्हणून त्यात ढोबळपणा आहे, सहा बायकांची सहा दुःखं खणाच्या घड्यांसारखी एकावर एक रचून ठेवलीत. ते मान्य करूनही मी म्हणेन की जे ‘इंग्लिश विंग्लिश’ला जमलं नाही ते इथे घडलं. सत्तरीच्या पुढची नटी आणि चाळिशीतली नटी एका रांगेत, सहा वेगवेगळ्या आकारांची शरीरं, आणि कॅमेरा त्यांना उभं करून ‘शोभतं का’ विचारत नाही. त्या खेळतात. फुगडी, झिम्मा, पिंगा. हे खेळ काय मागतात? दम, गुडघे, कंबर. बाई फुगडी घालताना पोट आत घेऊ शकत नाही, करून बघा घरी. (हशा) आणि काष्ट्याची नऊवारी तिथे दागिना म्हणून नाही, पाय मोकळे हवेत म्हणून आहे. शरीर कसं दिसतं याऐवजी ते काय करतं, हा प्रश्न पडदाभर येतो. थिएटरात बायका झुंडीने गेल्या, नटून गेल्या, बाहेर फेर धरले. त्यातल्या कितीतरी जणी एरवी फोटोत मागे उभ्या राहणाऱ्या असतील.

पुढे जे झालं त्यानं मात्र मी जरा खट्टू आहे. नऊवारी आणि काळा गॉगल हा गणवेश झाला. हळदीकुंकू, महिला दिन, सोसायटीचं गॅदरिंग, सगळीकडे तेच. आणि ती नऊवारी बहुतेक वेळा शिवलेली, आत पायजम्यासारखी, कमरेला इलॅस्टिक नाहीतर चेन. तिच्या लेबलवर काय असतं? एल, एक्सएल, डबल एक्सएल! ज्या एका वस्त्राला शेकडो वर्षं साइज नव्हता, त्याला आम्ही साइज लावला. सोय आहे, कबूल. पाच मिनिटांत तयार होता येतं. पण आता नऊवारीसुद्धा ‘होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते, आणि ही तक्रार आपल्या पणजीला कळलीच नसती.

वेळ संपत आलीय, पण एक मुद्दा सोडवत नाही. हल्ली दुसऱ्या टोकाचा उपदेश जोरात आहे, ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा’. मला तोही जाचतो. आधी बारीक व्हायची परीक्षा होती, आता प्रेम करायची. नापास व्हायची सोय दोन्हीकडे. सकाळी आरशासमोर उभं राहून प्रेम वाटलं नाही, तर आता त्याचीही अपराधी भावना. गुडघ्यावर कोण प्रेम करतं हो? तो वाकावा एवढीच अपेक्षा असते. पोटाबद्दलही मला तेवढंच हवंय. त्याला जागा देणारा कपडा, आणि मग दिवसभर त्याचा विसर.

प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्या आल्यात, एकच घेते. ‘कपाटात न होणारी ब्लाऊजं आहेत, टाकवत नाहीत, काय करू?’ ताई, आधी ती उलटी करून बघा. जुन्या शिंप्यांनी आत दोन्ही बाजूंना मार्जिन सोडलेलं असतं, अर्धा इंच, कधी एक इंच. ते उसवा. ज्यांत मार्जिन नाही त्यांत काखेखाली पट्टी घालता येते, कटोरी असेल तर जास्त काम आहे, चांगला शिंपी करून देतो. नव्यासाठी मात्र जुनं ब्लाऊज नेऊ नका. जी ब्रा रोज वापरता ती घालून जा, टेप लावताना पोट आत घेऊ नका, श्वास सोडा. हात पुढे करून, वर करून मुंढा बघा, कारण बसमध्ये दांडा धरायचाय आपल्याला. त्याला सांगा, मार्जिन एक इंच सोड. आणि त्याच्या वहीत तुमच्या नावापुढे जुने आकडे असतील, ते त्याला तुमच्यासमोर खोडायला लावा.