विचारसरणीविरुद्धचे युद्ध आणि १३१ प्रश्न : 'डेर फ्रागेबोगन'चे चिकित्सक वाचन

८ मे १९४५ रोजी जर्मनीने शरणागती पत्करली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने नाझी पक्ष कायद्याने विसर्जित केला. सैन्य, शासन व पक्ष नाहीसे झाले, तरी बारा वर्षे ज्या विचाराने ते चालविले तो विचार माणसांच्या मनात शिल्लक होता. त्याच्याशी लढण्यासाठी अमेरिकी लष्करी प्रशासनाने जे शस्त्र उपसले, ते १३१ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली होते. या प्रश्नावलीवर बेतलेला एर्न्स्ट फॉन सालोमोन यांचा 'डेर फ्रागेबोगन' (प्रश्नावली) हा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि पश्चिम जर्मनीत प्रचंड खपला. विचारसरणीविरुद्ध युद्ध पुकारता येते काय, या प्रश्नाचा विचार करताना या ग्रंथाकडे साहित्यकृती म्हणून आणि त्या युद्धाचा एक परिणाम म्हणूनही पाहावे लागते.

सालोमोन यांची रचनेची युक्ती साधी, पण विलक्षण परिणामकारक आहे. प्रश्नावलीतील प्रश्न क्रमाने घ्यावयाचे आणि प्रत्येकाचे उत्तर इतके सविस्तर द्यावयाचे की प्रश्नच हास्यास्पद ठरावा. उंची, वजन, केसांचा व डोळ्यांचा रंग यांपासून १९३२ साली कोणत्या पक्षाला मत दिले येथपर्यंत सर्व काही विचारणारा हा कागद लेखकाच्या हाती आत्मचरित्राची चौकट बनतो. १९२२ मधील परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांच्या हत्येच्या कटात सहभागी असल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झालेला हा लेखक नाझी राजवटीत एका ज्यू स्त्रीला आपली पत्नी म्हणवून तिचे रक्षण करतो, आणि युद्धानंतर अमेरिकी छावणीत स्थानबद्धही होतो. असे आयुष्य कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हे. ग्रंथाचा विनोद येथे खरा आहे, आणि त्याचा प्रहारही योग्य ठिकाणी बसतो.

प्रत्यक्ष इतिहासही याला दुजोरा देतो. मार्च १९४६ च्या कायद्याने अमेरिकी विभागातील ही छाननी जर्मन न्यायमंडळांकडे सोपविण्यात आली व प्रमुख अपराध्यांपासून निर्दोषांपर्यंत पाच वर्ग ठरविण्यात आले. शेजारी, धर्मगुरू, जुने सहकारी यांच्याकडून सचोटीचे दाखले मिळवून लोक वरच्या वर्गातून खाली घसरत गेले. या दाखल्यांना जनतेने 'पर्सिल' या कपडे धुण्याच्या पावडरीचे नाव द्यावे, यात सर्व काही आले. बव्हेरियातील या प्रक्रियेचा अभ्यास करणारे इतिहासकार लुट्झ नीटहामर यांनी तिला 'अनुयायांचा कारखाना' म्हटले. पुढे १९५१ च्या एका कायद्याने बडतर्फ अधिकाऱ्यांपैकी बहुसंख्यांना सेवेत परतण्याचा मार्ग खुला झाला. योगायोग असा की, तो कायदा राज्यघटनेच्या ज्या कलमान्वये झाला त्याचाही क्रमांक १३१ च होता.

तथापि ग्रंथाची खरी परीक्षा त्याच्या शेवटच्या भागात होते. छावणीत लेखकाला भेटलेले हान्स लुडिन हे तेथे धीरोदात्त नायकाच्या उंचीला पोहोचतात. लुडिन हे स्लोव्हाकियातील जर्मन राजदूत होते. १९४२ साली त्या देशातून ५० हजारांहून अधिक ज्यूंची रवानगी झाली, तेव्हा ते त्या पदावर होते. १९४७ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या मृत्यूवर रेंगाळणारी सालोमोन यांची लेखणी रवानगी झालेल्यांच्या मृत्यूपाशी मात्र थांबत नाही. परकीय पहारेकऱ्यांचा उद्दामपणा बारकाईने टिपणाऱ्या लेखकाला ही विषमता दिसली नसेल, हे पटण्याजोगे नाही. येथे उपरोध प्रश्नावलीला सोडून वाचकाच्या विवेकावरच वार करतो. ज्याने फॉर्म भरला तो प्रत्येक जण पीडित, अशी एक नवी जमात ग्रंथ निर्माण करतो, आणि तिच्यात अपराधी व भित्रा, दोघांनाही समान आसरा मिळतो. हा ग्रंथ इतका का खपला, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. युद्धोत्तर वर्षांत अमेरिकी विभागात घेतलेल्या पाहण्यांत सुमारे निम्मे लोक नाझीवाद हा चांगला पण वाईट रीतीने राबविलेला विचार होता, असे सांगत होते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून प्रश्नावली फसली एवढ्यावरून लढाच व्यर्थ होता, हा सालोमोन यांचा ध्वनित निष्कर्ष स्वीकारता येत नाही. १९५२ साली पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने नाझी पक्षाचा वारसा सांगणाऱ्या सोशालिस्ट राइश पार्टीवर बंदी घातली आणि ते संघटन मोडले. संघटनेला पत्ता असतो, सदस्य असतात, निधी असतो. तेथे राज्यसंस्थेचा हात पोहोचतो. मताला तो पोहोचत नाही. प्रश्नावलीने माणूस काय होता हे विचारले. त्याने कोणाचे काय केले, हा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९६३ ते १९६५ या काळातील फ्रांकफुर्ट येथील आउशविट्झ खटल्यात. हेसे राज्याचे महाभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या खटल्यात साडेतीनशेहून अधिक साक्षी झाल्या. छावणीतून वाचलेली माणसे जर्मन न्यायालयात, जर्मन वृत्तपत्रांसमोर बोलली. सालोमोन यांच्या ग्रंथात ज्यांना आवाज नव्हता, ते हेच लोक होत. मात्र जुन्या दंडसंहितेनुसार प्रत्येक आरोपीचे व्यक्तिगत कृत्य सिद्ध करावे लागल्याने अनेकांना केवळ साहाय्यक म्हणून अल्प शिक्षा झाल्या, आणि खुद्द बाउअर त्या निकालाबाबत असमाधानीच राहिले.