क्रिस्तपुराण वाचताना प्रस्तावना वगळू नका

मराठीत एम.ए. केलेल्या कुणालाही फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की एकच गोष्ट आठवते: हा इंग्रज पाद्री आणि त्यानं केलेली मराठीची स्तुती. फुलं, रत्नं, पक्षी यांच्या उपमा देत मराठी सगळ्या भाषांत कशी उजवी ते सांगणाऱ्या त्या चार-सहा ओव्या पाठ्यपुस्तकात असतात, मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकावर असतात, संमेलनांच्या भाषणात असतात. नेटच्या परीक्षेतही प्रश्न तिथूनच येतो. क्रिस्तपुराणाच्या ओव्या दहा हजारांहून जास्त आहेत. आपण त्यातल्या बोटावर मोजण्याइतक्या वाचतो आणि ग्रंथ वाचला असं समजून पुढे जातो.

तुमच्यापैकी ज्यांना ख्रिस्ती मराठी साहित्यावर, किंवा धर्मग्रंथ दुसऱ्या भाषेत कसा समजावला जातो यावर काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की या ग्रंथाची किल्ली त्या गौरवाच्या ओव्यांत नाही. ती दोन कमी उद्धृत होणाऱ्या जागी आहे: गद्य प्रस्तावनेत आणि पहिल्या अध्यायातल्या एका ब्राह्मणाच्या प्रश्नात.

आधी थोडी माहिती. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. मधली बहुतेक वर्षं तो साष्टीत होता. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. 'पैलें पुराण' जुन्या कराराची कथा सांगतं, 'दुसरें पुराण' येशूचं चरित्र. अध्यायाला तो 'अवस्वरू' म्हणतो. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी रोमन. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज हाती नाही. आपल्यापर्यंत ग्रंथ आला तो हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमधून.

आता प्रस्तावना. त्यात स्टीफन्स जे सांगतो ते माझ्या शब्दांत असं: हे सगळं मराठी भाषेत लिहिलं आहे, कारण या देशीच्या भाषांमध्ये देवाच्या गोष्टी सांगायला हीच योग्य वाटली. पण शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही. म्हणून मागच्या कवींचे बरेच अवघड शब्द सोडून दिले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आज आपण जिला कोंकणी म्हणतो तिच्यातले, सोपे शब्द मिसळून कवित्व सोपं केलं.

हे वाक्य गौरवाच्या ओव्यांशेजारी ठेवून वाचा. ओव्या म्हणतात, मराठी सर्वांत सुंदर. प्रस्तावना म्हणते, पण नुसत्या मराठीनं माझं काम होत नाही. ओव्यांत कवी बोलतो. प्रस्तावनेत बोलतो तो शिक्षक, ज्याला समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कळलं की नाही ते दिसतं. भाषेवरचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते प्रेम कशासाठी कामाला लावलं होतं, हे प्रस्तावनेशिवाय समजत नाही. आपल्या साहित्येतिहासांनी मात्र ओव्या उचलल्या आणि प्रस्तावना तळटीपेत टाकली, कारण ती आपल्या अभिमानाच्या उपयोगाची नव्हती. मराठीचा दाखला हवा होता. मराठीत कोंकणी मिसळल्याची कबुली कुणाला हवी होती?

इथं त्याचं दुसरं पुस्तक आठवायला हवं. त्याची 'दौत्रिन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी कोंकणीत आहे आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापली गेली. म्हणजे एकाच माणसानं एकाच मुलखातल्या लोकांसाठी दोन भाषा वापरल्या. पाठ करून घ्यायची तत्त्वं घरच्या बोलीत, आणि बसून ऐकायची लांब कथा पोथीच्या भाषेत. ही वाटणी त्याच्या आवडीनिवडीतून आलेली नाही. साष्टीतल्या श्रोत्यांच्या डोक्यात ती आधीपासून होती: घरात कोंकणी बोलायची, पुराण मराठीतून ऐकायचं. ज्याला आपला विश्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा आहे, त्याला त्या दुसऱ्याच्या मनात 'पवित्र बोलणं' कोणत्या आवाजात होतं ते आधी ओळखावं लागतं. स्टीफन्सनं ते ओळखलं, आणि त्याच्या ग्रंथाचं अर्धं यश या ओळखण्यात आहे असं मला वाटतं.

आता तो ब्राह्मण. पहिल्या अवस्वरूत रविवारचा प्रसंग आहे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना धर्मशिक्षण चाललंय. तेव्हा एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा: पूर्वीची मराठी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला-ऐकायला त्यांच्यासारखं दुसरं काही का देत नाही? या मागणीचं उत्तर म्हणून सगळं पुराण सुरू होतं.

इथं दोन प्रकारचे संशोधक घसरतात. पहिला म्हणतो, 'बघा, लोकांनी स्वतः मागितलं.' म्हणजे प्रसंग जसाच्या तसा घडला असं तो धरून चालतो. दुसरा म्हणतो, 'ही तर पुराणांची नेहमीची युक्ती.' परीक्षिती विचारतो आणि शुक सांगतात, जनमेजय विचारतो आणि वैशंपायन सांगतात. तसाच हा ब्राह्मण. दुसऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे, पण तो तिथंच थांबतो. साचा पुराणांचा आहे, यात वादच नाही. पण त्या साच्यात भरलेला मजकूर कुठल्याही पुराणात सापडणार नाही. परीक्षिती शुकाला असं कधी म्हणत नाही की तुम्ही माझी पुस्तकं काढून घेतलीत.

आणि पुस्तकं खरोखर काढून घेतली होती. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेनं हिंदू ग्रंथ आणि आचारांवर कडक बंधनं घातली, त्याच वर्षी साष्टीत देवळं पाडली गेली. गंमत, जर तिला गंमत म्हणायचं तर, अशी की पाद्री स्वतः ती पुस्तकं वाचत होते. रामायण-महाभारताच्या कथा कोंकणीत आणि मराठीत, रोमन लिपीत उतरवलेल्या पोथ्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी जे वाचायचं नाही, ते त्यांना शिकवणाऱ्यांनी अभ्यासायचं, असा तो व्यवहार.

त्यामुळे मला हा प्रश्न संपूर्ण ग्रंथातला सगळ्यात धीट क्षण वाटतो. सत्तेच्या बाजूनं लिहिलेल्या, परवानगी घेऊन छापलेल्या ग्रंथात श्रोता तोंडावर सांगतो की आमचं काहीतरी गेलं आहे. स्टीफन्स ते खोडत नाही. बंदी चुकीची होती असंही म्हणत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवणं वेडेपणाचं ठरेल. पण पोकळी आहे हे तो मान्य करतो आणि ती भरायला चाळीस वर्षांची भाषेची मेहनत आणतो. तुमच्या प्रबंधात या जागी 'संवाद' हा शब्द वापरायचा मोह होईल. जपून वापरा. एका बाजूची पुस्तकं बंद असताना झालेल्या बोलण्याला संवाद म्हणायचं असेल तर तसं म्हणायची कारणं द्यावी लागतील. आणि 'सांस्कृतिक आक्रमण' म्हणून मोकळं व्हायचं असेल, तर मग मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत हा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या का उतरवून घेतला गेला, का गायला गेला, याचंही उत्तर द्यावं लागेल. छापील प्रती गेल्या तरी पोथ्या राहिल्या त्या कुणाच्या हुकमानं नव्हे.

उचललेल्या उताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर त्याचं आणखी एक पत्र. २४ ऑक्टोबर १५८३ ला स्टीफन्सनं आपल्या भावाला लिहिलं की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे. भाषाविज्ञानाच्या प्रत्येक इतिहासात हे येतं. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी, वगैरे. पण ते पत्र मुख्यतः कशाबद्दल आहे? त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, त्याबद्दल. नंतर गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. भाषेचं ते सुंदर निरीक्षण या रक्ताच्या शेजारी लिहिलेलं आहे. दोन्ही एकाच कागदावर आहेत, तर एकच का उद्धृत करायचं? ज्या गावांनी पाद्री मारले आणि ज्यांची माणसं मारली गेली, त्याच साष्टीतल्या लोकांसमोर हा माणूस पुढची तीसेक वर्षं धर्मग्रंथ उलगडत राहिला. प्रत्येक ओवीमागे हे आहे असं मी म्हणणार नाही, पण हे बाजूला ठेवून ग्रंथ वाचणं म्हणजे अर्धं पत्र वाचणं.

आता शब्दांकडे, कारण शेवटी समीक्षा तिथंच करायची असते. स्टीफन्स बायबलचं भाषांतर करत नाही, तो कथा सांगतो. सांगणारा गुरू मध्ये असल्यामुळे त्याला थांबता येतं, समजावता येतं, श्रोत्याची शंका आधीच घेता येते. त्यामुळे तो बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतो आणि त्यात ख्रिस्ती स्वर्ग बसवतो, 'परमेश्वर' म्हणतो, 'मुक्ती' म्हणतो. दुसरीकडे बाप्तिस्मा, पवित्र आत्मा अशा नेमक्या धार्मिक कल्पनांसाठी रोमन पोथ्यांत पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवलेले दिसतात. म्हणजे जिथं चूक झाली तर श्रद्धेचा गाभा बिघडेल तिथं परका शब्द, आणि जिथं ओढ निर्माण करायची तिथं ओळखीचा. हा बेत हुशारीचा आहे. पण पूर्ण पटणारा नाही. वैकुंठ म्हटल्यावर साष्टीतल्या म्हातारीला कोण आठवत असेल? शब्द धुऊन घेतला म्हणून त्याचा जुना वास एका पिढीत जात नाही, आणि स्टीफन्सला हे कळत नसेल असं मानणं कठीण आहे. बहुधा त्यानं तो धोका पत्करला. पहिल्या पुराणात मूर्तिपूजेवर तो तुटून पडतो तेव्हा त्याची ओवी कोरडी होते, वकिली होते. मला वाटतं त्या जागा याच धोक्याची भरपाई आहेत. दुसऱ्या पुराणात, येशूच्या दुःखभोगाच्या कथेत, वाद मागे पडतो आणि ओवीची संथ चाल कथेला खरोखर साथ देते. वेळ कमी असेल तर तिथून वाचायला सुरुवात करा.

उलटी निवड बघायची असेल तर पंडिता रमाबाईंकडे जा. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता, त्यामुळे कोणत्या शब्दाच्या पोटात काय आहे हे त्यांना स्टीफन्सपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी काम संपवलं, आणि ते १९२४ मध्ये छापून निघालं. प्रचलित मराठी बायबल संस्कृतानं जड झालंय, खेड्यातल्या बायकांना ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. तीनशे वर्षांच्या अंतरानं दोघंही 'सोपं करायचं' म्हणतात, पण स्टीफन्सचं सोपं म्हणजे कानाला ओळखीचं आणि रमाबाईंचं सोपं म्हणजे जुन्या ओझ्यातून मोकळं. या एका फरकावर एक आख्खं प्रकरण उभं राहील.

थोडं कामाचं. 'क्रिस्तपुराण, १६१६' असा संदर्भ देऊ नका; तो पाठ कुणीच पाहिलेला नाही. १९०७ ची सालढाणांची मंगळूर आवृत्ती रोमनमध्ये आहे, शांताराम बंडेलूंची १९५६ ची देवनागरीत. पोर्तुगीज वळणाच्या रोमनमधून देवनागरीत येताना प्रत्येक शब्दाचं रूप कुणीतरी ठरवलेलं असतं, तेव्हा शब्दरूपावर मुद्दा बांधायचा असेल तर दोन्ही उघडून बसा. शिवाय लंडनला मार्सडेन संग्रहात एक देवनागरी पोथी आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. तिच्यात परके शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ कोणतं, रोमन की देवनागरी, हा वाद अजून मिटलेला नाही. गाईडनं घाई केली तरी त्यात एका बाजूनं उडी मारू नका. आधी एकच अवस्वरू घ्या, दोन्हीकडचे धार्मिक शब्द समोरासमोर मांडा आणि कुठला शब्द बदललाय, कुठला तसाच राहिलाय ते मोजा. तसा तक्ता कसा करायचा ते पुढच्या पोस्टमध्ये दाखवते.