दोन मुदती

आमच्या वर्गात दोन प्रतिनिधी निवडतात. त्यांतली एक मुलगी असलीच पाहिजे, आणि मत मात्र साऱ्या वर्गाचे. वर्गात मुले अधिक. यंदा निकाल लागल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आमची कोण, हे आम्हांला एकदा विचारायचं तरी!” त्या दिवशी घरी येऊन मी पुणे करार पुन्हा वाचायला घेतला.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी सह्या झालेला हा जेमतेम नऊ कलमांचा मजकूर. भाषा रुक्ष, वकिली. प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गासाठी १४८ जागा. त्यांत सिंधसह मुंबई इलाख्याच्या १५. पण कराराचा जीव दुसऱ्या कलमात आहे. राखीव जागेसाठी आधी दलित वर्गाच्या मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतला एक सर्वांनी मिळून निवडायचा. घरच्यांनी चार सुचवावेत, गावाने एक घ्यावा! एकीकडे गांधीजींचे उपोषण, दुसरीकडे डॉ. आंबेडकरांची स्वतंत्र मतदारसंघांची मागणी. त्या कात्रीतून निघालेली ही वाट मला मोठी शहाणपणाची वाटते.

आता मुदती पाहा. करारात या प्राथमिक निवडीला दहा वर्षांची मुदत होती. जागांना तारीख नव्हती, उभयपक्षी ठरेपर्यंत त्या राहायच्या होत्या. १९५० च्या संविधानात नेमके उलटे झाले. प्राथमिक निवड आलीच नाही आणि दहा वर्षांची मुदत जागांना लागली. कलम ३३४ मधली ती मुदत वाढत वाढत २०३० पर्यंत आली आहे. दर खेपेला वाद होतो तो तारखेचा. गळलेल्या ओळीची आठवण क्वचितच निघते.

तिची किंमत लवकरच दिसली. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे राहिलेले खुद्द आंबेडकर पडले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. तेही अनुसूचित जातीचेच. नियमात उणे काही नव्हते. पण कौल साऱ्यांचा होता. ज्यांच्यासाठी जागा राखली, त्यांचा कौल वेगळा विचारलाच गेला नव्हता.

एकत्र मतदानाचा गुण मी नाकारीत नाही. राखीव जागेच्या उमेदवाराला सगळ्या आळ्यांत जावे लागते आणि सगळ्या आळ्यांना त्याला आपला म्हणावे लागते. हे थोडे नव्हे. म्हणूनच करारातली जोडी मला अधिक पुरी वाटते: आधी त्यांची निवड, मग सर्वांची.

पुढच्या खेपेला मी आधी मुलींना चार नावे विचारणार आहे.