कोणते वसंत?

"वसंतांची चाल होती रे ती," आई म्हणाली, आणि गेले दोन महिने आमच्या घरात चाललेल्या संशोधनाला तोंड फुटले.

आई आता पंचाहत्तरीला आली आहे. दुपारी काय जेवली हे तिला संध्याकाळी आठवत नाही. परंतु लहानपणी, इथेच केळव्यात, माहेरच्या पडवीत तिची आई नागवेलीच्या पानांच्या जुड्या बांधीत बसे आणि शेजाऱ्यांच्या रेडिओवर एक भावगीत लागे, हे तिला आठवते. गाणे मात्र अर्धेमुर्धेच. मुखडा केव्हाच हरपला. अंतऱ्यातले चार शब्द तेवढे उरले. त्या चार शब्दांपाशी ती येते, थांबते, आणि पुढचे सापडेना की जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी कावरीबावरी होते. ते पाहवत नाही.

धाकट्या कन्येने मोबाइल पुढे केला. "ह्यात दहा कोटींहून जास्त गाणी आहेत, बाबा. आजीचे एक नसेल होय?"

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. पण ग्रंथालयाची एक परीक्षा मला ठाऊक आहे. तेथे पुस्तके किती आहेत ते विचारू नये. हवे ते पुस्तक हाती येते की नाही, ते पाहावे. गाणी घरबसल्या ऐकवणाऱ्या सेवांना मी तीच कसोटी लावली. तिचा हा हिशेब.

पहिला प्रश्न, कोणते वसंत? मराठी संगीतावर ह्या नावाची कृपा मोठी. 'अमर भूपाळी'चे वसंत देसाई, 'सांगत्ये ऐका'चे वसंत पवार, आणि पी. सावळारामांची गीते लता मंगेशकरांच्या कंठातून घरोघर पोचवणारे वसंत प्रभू. शोधपेटीत नुसते 'वसंत' लिहिले, तर सामोरे आले गायक वसंतराव देशपांडे आणि त्यांच्या पाठोपाठ वसंत राग!

तरी ही शोधपेटी अगदीच मुकी नाही. तिला प्रश्न नीट विचारावा लागतो, एवढेच आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते. स्पॉटिफायवर इंग्रजीत 'आर्टिस्ट' हा शब्द लिहून त्याला चिकटून अपूर्णविरामाची दोन टिंबे द्यावीत आणि पुढे नाव अवतरणचिन्हांत घालावे, म्हणजे त्या कलावंतापुरता शोध होतो. तसेच 'ट्रॅक' म्हणजे गाणे, 'अल्बम' म्हणजे संग्रह, 'लेबल' म्हणजे काढणारी कंपनी. 'इयर'पुढे १९५५ आणि १९६० हे आकडे, इंग्रजी अंकांत, मधे आडवी रेघ देऊन लिहिले की तेवढ्याच वर्षांची झडती होते. दोन-तीन अटी एकत्रही लावता येतात. मुलांना वाक्यपृथक्करण शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ही रचना आवडल्यावाचून कशी राहील?

परंतु सालाची अट लावली आणि हाती काहीच लागले नाही. हा काही एकाच सेवेचा दोष नव्हे. जुनी गाणी नव्या संग्रहांत बांधून चढवलेली असतात, आणि त्यांच्यावर साल पडते ते पुष्कळदा संग्रहाचे. त्यामुळे आजीच्या पडवीतले गाणे नातीच्या वयाचे निघते! 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाले आणि त्याची छप्पन्न गीते वर्षभर चालली, हे पुष्कळ मराठी घरांत आजही सांगतील. सूचीत मात्र भलतेच साल दिसले तर नवल मानू नये. जुन्या गाण्यासाठी सालाची अट आरंभीच लावू नये, हे उत्तम.

दुसरी अडचण लिपीची. मराठी नावे रोमन लिपीत ज्याने त्याने आपल्या मर्जीने बसवलेली. माणिक वर्मांच्या आडनावात कोणी 'ए' घालतो, कोणी 'ई'. एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावे, आणि देवनागरीतही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ह्या सूचीत गायकाचे नाव दारावरच्या पाटीवर असते; कवी आणि संगीतकार माजघरात, आणि तेही कोणी नोंदवले असतील तर. 'साधी माणसं' ह्या १९६५च्या चित्रपटाचे संगीत 'आनंदघन' ह्या नावाने लता मंगेशकरांनीच दिले. त्यांचा गळा कोणालाही चटकन सापडेल. पण चाल बांधणाऱ्या लताबाई भेटायला 'आनंदघन' हे नाव आधीच माहीत असावे लागते. म्हणजे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच सापडते. जो विसरला त्याने काय करावे? आणि शोधाची खरी गरज तर त्यालाच!

अखेर आम्ही उलटी वाट धरली. 'आठवणीतली गाणी' ह्या संकेतस्थळावर मराठी गीते देवनागरीत, पुऱ्या शब्दांनिशी दिली आहेत आणि गीत कोणाचे, संगीत कोणाचे, स्वर कोणाचा हेही सांगितले आहे. आईचे चार शब्द आम्ही तेथे शोधले. तिसऱ्या खेपेला गाणे निघाले. दोन शब्दांचा क्रम आई उलटा म्हणत होती. चाल वसंत प्रभूंची. मुखडा हाती आल्यावर तो रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिला, गायिकेचे नाव जोडले, आणि दहा कोटींतले ते एक गाणे आमच्या ओटीवर वाजू लागले.

आईने डोळे मिटून ऐकले. शेवटच्या कडव्याला गायिकेच्या अर्धी ओळ आधीच ती पुढचे शब्द म्हणू लागली. मग म्हणाली, "सांगत होते ना, वसंत म्हणून!" दुसऱ्या दिवशी तिला ते ऐकल्याचे आठवत नव्हते. आम्ही पुन्हा लावले.

१९०२ साली गौहर जान कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गायल्या, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना तबकडी कोणाची ते कळावे, हे त्याचे कारण सांगतात. कवीला आणि संगीतकाराला अशी संधी कुठली? त्यांची नावे आकाशवाणीचे निवेदक सांगत. कोणा निवेदकाने ते नाव पडवीपर्यंत पोचवले, म्हणून तर बाकी सारे विसरूनही आईपाशी 'वसंत' उरले.

फराळाला आज तुमच्याकडेही वडीलधारी मंडळी जमली असतील. त्यांना त्यांचे गाणे विचारा, आणि कवीचे, चाल लावणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवा. 'वसंत' म्हणाले, तर कोणते, तेही विचारून घ्या.