स्तनार्बुद, वंशावळ आणि जनुकाची जागा

कै. डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी मराठीत लिहिताना ‘स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी दाखविला’ या एका वाक्यात प्रकरण आटोपले जाते. वाक्य खोटे नव्हे. पण अपुरे आहे. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांचे काम उंदरांवरही चाले, आणि उंदरांत ‘आईकडून लेकीकडे’ म्हणजे जनुकांवाटेच, असे धरता येत नाही. रोगप्रवण वंशाची पिल्ले जन्मतःच निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली तर त्यांतील पुष्कळशी रोगातून सुटतात, हे बिटनर यांच्या १९३६ पासूनच्या प्रयोगांनी सिद्ध झाले होते. दुधातील तो घटक पुढे विषाणू ठरला. घराण्यात रोग आहे एवढ्यावरून जनुकाचा निर्णय होत नाही.

माणसांत तो लागला वंशावळींतून. लहान वयात रोग होणाऱ्या घराण्यांवरून मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली १७व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील जागा निश्चित केली. तेथील बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती आले. त्याला सर्रास ‘कर्करोगाचे जनुक’ म्हणतात, हे उलटेच आहे. ते रोग रोखणारे जनुक होय.

दुसरा मार्ग गाठीतून जातो. नुडसन यांच्या १९७१ च्या उपपत्तीप्रमाणे अशा जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. म्हणून रक्तात दोन भिन्न खुणा असून गाठीत एकच उरली, तर जनुक त्याच परिसरात असावे, असा तर्क. तर्क मोहक आहे, परंतु गाठीत गुणसूत्रांचे तुकडे एरवीही गळतात. घराण्याचा इतिहास नसलेल्या रोग्यांतही १७व्याची ती भुजा वारंवार गळालेली आढळते, आणि तरी उरलेल्या प्रतीत बीआरसीए-१ बिघडलेले क्वचितच मिळते. १६व्या गुणसूत्रावरील ई-कॅढेरिनच्या बाबतीत मात्र एका विशिष्ट प्रकारच्या गाठींत हा तर्क खरा ठरला.

वंशावळीची वाटही निर्वेध नाही. कर्करोग-संशोधनाचे केंद्र खारघरला, रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातील दासगावही त्याच जिल्ह्यातले. पण तेथील एखाद्या घराची वंशावळ मांडू गेल्यास कुळवृत्तान्ताची आपली रीत आड येते : लेकी नावानिशी परकुळात जातात, आणि चुलत्यांची पिढी तेवढी कागदावर राहते. रोग्याला विचारतात तेही बहुधा आई, मावशी, आजी यांच्याविषयी. वस्तुतः बिघडलेली प्रत बापाकडूनही तितकीच येऊ शकते. तो स्वतः बहुधा निरोगी असतो. तेव्हा आत्या आणि बापाची आई यांची चौकशी न करता मांडलेल्या वंशावळीत अर्धी वाट कोरीच राहते.