निळू फुले यांचा खलनायक : एक पुनर्विचार

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या काळात त्यांचे नाव निघताच आठवतो तो वाड्यावरचा पाटील. नकलाकारांनी तर त्यांचा घोगरा, रेंगाळणारा आवाज आणि तिरपी नजर एवढेच शिल्लक ठेवले आहे. या नकलेने मूळ अभिनयाची हानी केली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फुले यांची जडणघडण राष्ट्र सेवा दलात झाली. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटाने पडदा दिला. लोकनाट्याचा नट प्रेक्षकाचा अंदाज घेत बोलतो. हशा कोठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. पुढे फुले यांनी हीच जाण हसू थांबविण्यासाठी वापरली.

'सामना' (१९७४) या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटातील हिंदुराव धोंडे पाटील हा जुन्या वतनदारीतला पाटील नव्हे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा माणूस सहकारी साखर कारखानदारीतून उभा राहिला आहे. तो दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव हौसेने दाखवितो. फुले यांनी या आतिथ्यात कृत्रिमपणा दाखविला नाही, हे विशेष. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर मारुती कांबळेचे काय झाले हे विचारू लागतो, तेव्हाही हिंदुरावाचा आवाज फारसा चढत नाही. यजमान तोच, घर तेच. फक्त त्या अगत्याची आता भीती वाटू लागते. प्रेक्षकाला हिंदुराव थोडासा आवडलेला असतो, आणि ही आवडच त्याला अडचणीत टाकते.

शहाडसारख्या, रेयॉन कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीतील प्रेक्षकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. गाव सोडून आलेल्या माणसाला तमाशापटातला पाटील मागे राहिलेल्या गावाची, बऱ्याचदा करमणुकीची, आठवण देतो. हिंदुराव मात्र मागे राहत नाही; कारखाना, संस्था, निवडणूक या त्याच्या जागा शहराच्या आसपासही आहेत. तमाशापटांतील साचेबंद भूमिकांनी फुले यांना लोकप्रियता दिली, पण सत्तेचा चेहरा फेट्यापुरता मर्यादितही केला, हे मान्य करावे लागते. स्वतः अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरणाऱ्या या नटाला असा साचा किती रुचला असेल, हा प्रश्न उरतोच.

या साच्यातून बाहेर पडण्याची वाट रंगभूमीने आधीच दाखविली होती. १९७२ साली तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'मध्ये त्यांनी सखाराम उभा केला. 'सारांश' (१९८४) या हिंदी चित्रपटात त्यांचा खलनायक शहरी राजकारणी होऊन आला. परंतु सर्वांत अनपेक्षित भूमिका 'सिंहासन' (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीसाची. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात सत्तेचा खेळ इतर खेळतात. दिगू पाहतो, ऐकतो, आणि बव्हंशी गप्प राहतो. ज्याची नजर आजवर दुसऱ्यांना धाक घालीत होती, त्याच्याच नजरेला येथे सारे काही निमूटपणे पाहावे लागते. अखेरीस भर रस्त्यात दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात पाटलाच्या गडगडाटी हास्याचा मागमूसही नाही.